सैनिकाचे खचलेले मन कागदांवरून कसे ओळखावे : फॅलमथच्या छावणीतील हिवाळा, १८६२-६३

अमेरिकेच्या यादवी युद्धावर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते लिंकन, ली, ग्रँट आणि गेटिसबर्गची लढाई यांच्याभोवती फिरते. दरमहा तेरा डॉलरवर भरती झालेला साधा शिपाई त्यात फारसा दिसत नाही, आणि दिसलाच तर लढाईच्या दिवशी दिसतो. पण १८६१ ते १८६५ या चार वर्षांत त्या शिपायाच्या वाट्याला लढाईचे दिवस थोडे आले. उरलेला सारा काळ त्याने तंबूत, चिखलात, कवायतीत, पहाऱ्यावर आणि आजारपणात काढला. या युद्धात मेलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश माणसे रोगांनी गेली, म्हणजे मरणसुद्धा त्याला बहुधा छावणीतच गाठत होते. अशा माणसाचे मन केव्हा खचले, कशाने खचले आणि पुन्हा कशाने सावरले, हे आज दीडशे वर्षांनंतर कागदांवरून कसे ओळखावे, याची रीत येथे सांगितली आहे. सैनिकांची असंख्य पत्रे आणि रोजनिशा अमेरिकेतील ग्रंथालयांनी व विद्यापीठांनी आंतरजालावर मोफत खुल्या केल्या आहेत. त्यामुळे साताऱ्यात किंवा नागपुरात बसूनही हे काम नीट करता येते, मग ते परीक्षेच्या प्रबंधासाठी असो, कादंबरीसाठी असो किंवा केवळ स्वतःच्या जिज्ञासेपोटी असो.

रीतीचा गाभा आधीच सांगून टाकतो. सैनिकाचे हाल किती झाले याची मोजदाद करून त्याचे मनोधैर्य कळत नाही. त्या हालांचा दोष तो कोणाला देतो, हे शोधावे लागते. थंडी, पाऊस, लांबची चाल आणि शत्रूची गोळी हे सारे तो बऱ्याच अंशी सोसतो, कारण युद्धात हे असायचेच असे त्याने गृहीत धरलेले असते. कोठारात पीठ असताना आपल्या हातात किडके बिस्किट का पडते, घरी बायकोमुले अडचणीत असताना आपला पगार सहा महिने का थकतो, वरिष्ठांनी डोळ्यांदेखत चुकीचा हुकूम दिला तेव्हा त्याची किंमत आपण का मोजावी, हे प्रश्न पडू लागले की त्याचे मन तुटू लागते. कागद वाचताना या प्रश्नांच्या खुणा शोधायच्या आहेत.

एकच छावणी आणि एकच हिवाळा निवडा

संपूर्ण युद्धातील ‘सैनिकांचे मनोधैर्य’ हा विषय कोणालाही पेलणारा नाही. मिसिसिपीच्या काठावरचा हिवतापाने तापलेला आयोवाचा शेतकरी आणि व्हर्जिनियातील गोठलेल्या नदीकाठचा न्यूयॉर्कचा कामगार यांचे अनुभव एका वाक्यात बसवले की दोघेही हरवतात. म्हणून सुरुवातीला एकच सैन्य आणि चार-पाच महिन्यांचा एकच काळ घ्यावा, आणि शक्य असल्यास असा काळ घ्यावा ज्यात मन खचलेलेही दिसते आणि सावरलेलेही दिसते. डिसेंबर १८६२ ते मे १८६३ या काळातील उत्तरेची, म्हणजे लिंकन यांच्या संघराज्य सरकारची, पोटोमॅक सेना अभ्यासाला फार उत्तम आहे, आणि पुढील सर्व उदाहरणे मुख्यतः तिचीच घेतली आहेत.

घटनाक्रम थोडक्यात असा. १३ डिसेंबर १८६२ रोजी या सेनेचे सेनापती जनरल अँब्रोझ बर्नसाइड यांनी फ्रेडरिक्सबर्गजवळ उंचावर भक्कम बसलेल्या, दक्षिणेचे सेनापती ली यांच्या सैन्यावर समोरून हल्ल्यांमागून हल्ले चढवले. उत्तरेची सुमारे साडेबारा हजार माणसे मारली गेली, जखमी झाली किंवा हरवली. दक्षिणेची, म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेल्या राज्यांची, हानी याच्या निम्म्याहूनही कमी होती. हरलेले सैन्य रॅपहॅनक नदी ओलांडून मागे आले आणि फॅलमथ गावाच्या भोवती, व्हर्जिनियातील स्टॅफर्ड परगण्यात, छावणी करून राहिले. २० जानेवारी १८६३ रोजी बर्नसाइड यांनी नदीच्या वरच्या अंगाने वळसा घालण्यासाठी सैन्य पुन्हा बाहेर काढले. त्याच संध्याकाळी पाऊस लागला आणि तो थांबेचना. तोफा, पूल बांधण्याच्या होड्यांचे गाडे आणि खेचरे चिखलात रुतली, आणि पलीकडच्या काठावरचे दक्षिणेचे पहारेकरी मोठ्या फलकांवर टोमणे लिहून दाखवू लागले. दमलेल्या माणसांना उभारी यावी म्हणून व्हिस्की वाटली गेली, तिच्या अमलात पलटणी आपसांत भिडल्या, आणि दोन-तीन दिवसांत सारे सैन्य होते तिथे परतले. इतिहासात ही चाल ‘चिखलातील कूच’ म्हणूनच ओळखली जाते. २६ जानेवारीला बर्नसाइड यांच्या जागी जोसेफ हूकर आले. हा क्रम एका कागदावर तारखांसह मांडून समोर ठेवावा, कारण पुढे प्रत्येक पत्र वाचताना ते कोणत्या घटनेच्या आधीचे आणि कोणत्या घटनेनंतरचे आहे, हे क्षणोक्षणी पाहावे लागणार आहे.

पोट आणि पगार यांचा हिशेब आधी मांडा

पत्रांना हात लावण्यापूर्वी नियमाप्रमाणे सैनिकाला काय मिळायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय मिळत होते, याची दोन रकान्यांची नोंद तयार करावी. उत्तरेच्या नियमात रोजचा शिधा ठरलेला होता : सुमारे ३४० ग्रॅम खारवलेले डुकराचे मांस किंवा त्याहून अधिक वजनाचे गोमांस, सुमारे ६२० ग्रॅम मऊ पाव किंवा पीठ, अथवा त्याऐवजी अर्ध्या किलोहून थोडे कमी कडक बिस्किट, शिवाय घेवड्याचे दाणे, तांदूळ, कॉफी, साखर आणि मीठ. कागदावर हा शिधा भरपूर आहे. त्या काळातील युरोपातल्या कोणत्याही सैन्याच्या शेजारी ठेवला तरी तो उणा दिसत नाही. पण त्या हिवाळ्यात फॅलमथच्या पुष्कळशा पलटणींच्या वाट्याला मुख्यतः कडक बिस्किट, खारे मांस आणि कॉफी एवढेच येत होते. हे बिस्किट, ज्याला सैनिक हार्डटॅक म्हणत, पीठ आणि पाणी यांचे भाजलेले चौकोनी तुकडे असत. ते बंदुकीच्या दस्त्याने फोडून किंवा कॉफीत बुडवून खावे लागे आणि साठवणीत त्याला कीड लागे. ताज्या भाज्या नसल्यामुळे स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागली होती.

येथे भूगोलाकडे लक्ष द्यावे. फॅलमथची छावणी काही शत्रूच्या वेढ्यात अडकलेली नव्हती. वॉशिंग्टनहून जहाजे पोटोमॅक नदीने अक्वाया क्रीकच्या धक्क्यावर येत आणि तेथून रेल्वेने माल थेट छावणीपर्यंत पोचे. म्हणजे अन्न जवळच होते, ते पानापर्यंत येत नव्हते, आणि सैनिकाला हे ठाऊक होते. शिवाय सटलर, म्हणजे सैन्यासोबत फिरणारे परवानाधारक दुकानदार, त्याच चिखलात लोणी, चीज, फळांचे गोड पदार्थ आणि तंबाखू भलत्या दराने विकत होते. ज्याचा पगार झालेला नाही त्याने ते नुसते पाहावे, अशी परिस्थिती होती.

आता नदीच्या पलीकडे पाहा, कारण माझ्या मते सगळ्या अभ्यासाची किल्ली या तुलनेत आहे. ली यांचे सैन्य त्याच हिवाळ्यात कितीतरी अधिक उपाशी होते. मार्च १८६३ च्या अखेरीस ली यांनी आपल्या सरकारला कळवले की माणशी सुमारे ११३ ग्रॅम खारे मांस आणि सुमारे ५१० ग्रॅम पीठ एवढ्यावर सैन्य दिवस काढते आहे आणि अधूनमधून थोडा तांदूळ मिळतो. भाजीची उणीव भरून काढण्यासाठी रोज माणसे रानात पाठवून रानकांदा, रानलसूण आणि कोवळे कोंब गोळा करावे लागत होते. अनेकांच्या पायांत धड बूट नव्हते. तरीही त्या हिवाळ्यात दक्षिणेच्या सैनिकांचे मन उत्तरेच्या सैनिकांपेक्षा पुष्कळ खंबीर होते. ते नुकतेच जिंकले होते, आणि त्यांच्या लेखी उपासमारीचा दोष बंदरांची नाकेबंदी करणाऱ्या शत्रूकडे जात होता, स्वतःच्या सेनापतीकडे नव्हे. भुकेचा आकडा आणि मनोधैर्याचा आकडा एकाच दिशेने हलतात, असे मानून चालणाऱ्याची येथे फसगत होते.

पगाराची नोंद तशीच करावी. उत्तरेच्या साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर होता. जून १८६४ मध्ये तो १६ झाला. दक्षिणेचा ११ डॉलर होता, आणि चलनफुगवट्यामुळे त्याची किंमत महिन्यागणिक घसरत होती. जानेवारी १८६३ मध्ये पोटोमॅक सेनेतील पुष्कळ पलटणींचा पगार सहा-सहा महिने थकलेला होता. हा पैसा बहुतेक जण घरी पाठवत असत, त्यामुळे थकलेल्या पगाराचा अर्थ घरभाडे, सरपण आणि किराणा यांत मोजावा. काळ्या सैनिकांच्या बाबतीत हिशेब आणखी कठोर आहे : त्यांना १० डॉलर देऊन त्यातून कपड्यांचे ३ डॉलर कापले जात, म्हणजे हातात ७ येत. काळ्या सैनिकांच्या मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा कमी पगार घेण्यासच नकार दिला आणि जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, समान पगार मान्य करेपर्यंत ती माणसे बिनपगारी लढली. रागावलेला सैनिक आणि खचलेला सैनिक यांतला फरक समजून घ्यायचा असेल, तर या पलटणीच्या इतिहासाइतके स्पष्ट उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

छावणीचा नकाशा आणि आजार

हिवाळ्याची छावणी म्हणजे लाकडी ओंडक्यांच्या बुटक्या भिंतींवर तंबूचे कापड ताणून केलेल्या झोपड्यांचे गाव असे. चार-पाच जण एका झोपडीत राहत, काटक्या आणि चिखल यांचे धुराडे बांधत आणि त्यावर बुडे काढलेले पिंप बसवत. लाखाहून अधिक माणसांनी सरपण आणि ओंडके यांसाठी आसपासचे रान तोडून उजाड केले, आणि हिवाळा सरता सरता जळणासाठी मैलोन्मैल चालावे लागू लागले. पत्रात सरपणाचे अंतर आले की ते टिपून ठेवावे. छावणी एका जागी किती काळ अडकून पडली होती, याचे ते चांगले माप आहे.

छावणी फार दिवस एका ठिकाणी राहिली की पाणी दूषित होई, संडासाचे चर भरत आणि नीट झाकले जात नसत, आणि मग हगवण, आमांश व विषमज्वर पसरत. खेड्यातून आलेल्या मुलांना गोवर अधिक होई, कारण लहानपणी तो त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसे. आजाराच्या नोंदी वाचताना एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावे असे मला वाटते. त्या काळचे लष्करी डॉक्टर घराच्या अनावर ओढीला ‘नॉस्टॅल्जिया’ या नावाने रोग म्हणून नोंदवत, आणि उत्तरेच्या सैन्यात अशा पाच हजारांहून अधिक नोंदी झाल्या, त्यांतील काही मृत्यूच्याही होत्या. अंथरुणाला खिळलेला, जेवण टाकलेला, भिंतीकडे तोंड करून पडलेला मुलगा डॉक्टरांनी पाहिला आणि आपल्या शास्त्रात जे नाव होते ते दिले. आज आपण त्याला वेगळे नाव देऊ, पण ती नोंद फालतू समजून सोडून देऊ नये.

हजेरीपटाचे आकडे सावधपणे घ्या

हूकर यांनी सूत्रे घेतली तेव्हा पोटोमॅक सेनेच्या पटावरची सुमारे ८५,००० माणसे गैरहजर होती, आणि पुढे त्यांनी काँग्रेसच्या समितीसमोर सांगितले त्याप्रमाणे रोज सुमारे २०० जण पळून जात होते. हे आकडे वाचले की पळपुट्यांचे एक मोठे सैन्य डोळ्यांसमोर उभे राहते, आणि येथेच बहुतेक नवे अभ्यासक घसरतात. त्या ८५,००० मध्ये रुग्णालयात पडलेले, रजेवरून वेळेत न परतलेले, दुसऱ्या कामावर पाठवलेले, आणि पटावरून नाव काढायचे राहून गेलेले असे सर्व जण होते. गैरहजेरी आणि पलायन हे दोन वेगळे रकाने ठेवावेत. पलायनातही पुन्हा फरक करावा : भरतीचे इनाम घेऊन पसार होणारा आणि पुन्हा दुसऱ्या नावाने भरती होणारा भामटा वेगळा, शत्रूकडे जाणारा वेगळा, आणि आई आजारी आहे असे कळल्यावर रजा मागून न मिळाल्याने रात्री निघून जाणारा वेगळा. मनोधैर्याच्या अभ्यासात तिसऱ्या माणसाचे वजन सर्वांत मोठे आहे. तो एकटा पळतही नसे. घरचे लोक पार्सलातून नागरी कपडे पाठवत, आणि हे इतके वाढले की अखेर छावणीत येणारी पार्सले तपासावी लागली. ज्या समाजाने त्याला वाजतगाजत पाठवले, तोच समाज आता त्याला परत येण्यासाठी कपडे पाठवत होता, हे या तपासणीच्या हुकमातून कळते.

पत्र वाचण्याची रीत

या सैनिकांची पत्रे अभ्यासकाला फार उपयोगी आहेत, कारण त्यांवर सेन्सॉर नव्हता. सैनिक आपल्या सेनापतीचे नाव घेऊन त्याला मूर्ख म्हणू शकत होता, पलटण कुठे आहे ते लिहू शकत होता, युद्ध सोडून द्यावे असे म्हणू शकत होता, आणि हे सर्व तो लिहीत होता. उत्तरेच्या सैन्यातील सुमारे नव्वद टक्के आणि दक्षिणेतील सुमारे ऐंशी टक्के गोरे सैनिक लिहू-वाचू शकत होते. त्याउलट दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना अक्षरओळख देण्यावर कायद्यानेच बंदी असल्यामुळे, उत्तरेच्या सैन्यात दाखल झालेल्या सुमारे १,८०,००० काळ्या सैनिकांपैकी थोड्यांचीच स्वहस्ताक्षरातील पत्रे आपल्यापर्यंत पोचतात. जो आवाज पत्रांत ऐकू येत नाही त्याची ही नोंद पहिल्याच पानावर करून ठेवावी.

पत्र हातात घेतल्यावर पहिला प्रश्न ते कोणाला लिहिले आहे, हा असावा. आईला लिहिलेल्या पत्रात तो ठणठणीत असतो, जेवण चांगले असते आणि काळजीचे कारण नसते. त्याच तारखेला भावाला लिहिलेल्या पत्रात तो हगवणीने आठवडाभर आडवा असतो. बायकोला लिहिताना पैशाविषयी बोलतो, वडिलांना लिहिताना शेताविषयी आणि राजकारणाविषयी. त्यामुळे एकाच माणसाची निदान दोन नात्यांना लिहिलेली पत्रे मिळाल्याशिवाय त्याच्या मनाविषयी निष्कर्ष काढू नये. गावच्या वृत्तपत्रासाठी लिहिलेली पत्रे तर आणखी वेगळी ठेवावीत. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचण्यासाठी लिहिलेली असतात.

दुसरी गोष्ट, पत्रे मोठ्याने वाचावीत. पुष्कळांत विरामचिन्हे नसतात आणि शब्द उच्चाराप्रमाणे लिहिलेले असतात. डोळ्यांना जे कोडे वाटते ते कानाला लगेच उलगडते. सैनिकी बोलीतील नेहमीचे शब्दही आधी माहीत करून घ्यावेत. ‘हत्ती पाहिला’ म्हणजे प्रत्यक्ष लढाई अनुभवली, ‘व्हर्जिनियाची झपझप चाल’ म्हणजे हगवण, ‘राखाडी पाठीचे’ म्हणजे कधी उवा तर कधी शत्रूचे सैनिक. संदर्भ पाहूनच अर्थ लावावा.

त्यानंतर तक्रारीचे कर्ते शोधावेत, आणि या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. तक्रार आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण सैनिक तक्रार करतोच. ‘बिस्किट कडक आहे’, ‘थंडी फार आहे’, ‘कवायत संपत नाही’ या वाक्यांत दोषी कोणी नाही. ‘रसदखात्याचे अधिकारी आमचे बटाटे विकून खातात’, ‘बर्नसाइडला सैन्य चालवता येत नाही’, ‘वॉशिंग्टनच्या पुढाऱ्यांना आमची पर्वा नाही’ अशा आशयाच्या वाक्यांत दोषी आहे. दोन्ही प्रकारची वाक्ये वेगवेगळ्या रंगांनी खुणावून तारखेनुसार लावली, की फ्रेडरिक्सबर्गनंतर आणि विशेषतः जानेवारीतील चिखलातल्या कूचनंतर दुसऱ्या प्रकारची वाक्ये कशी वाढत जातात ते डोळ्यांना दिसते. तिसरा रंग ‘आम्ही’ या शब्दासाठी ठेवावा. सैनिक ‘आम्ही’ कोणाला म्हणतो आहे? आपल्या झोपडीतील चौघांना, पलटणीला, सैन्याला की देशाला? मन खचत गेले की हा घेर आक्रसत जातो, आणि शेवटी झोपडीतील सोबती एवढेच ‘आम्ही’ उरतात. गंमत म्हणजे नदीपलीकडच्या पहारेकऱ्यालाही त्यात कधी कधी जागा मिळते. त्या हिवाळ्यात रॅपहॅनकच्या दोन्ही काठांवरचे पहारेकरी लाकडाच्या छोट्या होड्यांना शिडे लावून उत्तरेची कॉफी आणि दक्षिणेची तंबाखू यांची अदलाबदल करत, वर्तमानपत्रेही पाठवत. हे निष्ठा सोडल्याचे लक्षण मानू नये. वसंतात हीच माणसे एकमेकांवर गोळ्या झाडणार होती आणि त्यांना ते पक्के ठाऊक होते.

युद्धानंतर वीस-तीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणी मनोधैर्यासाठी पुरावा म्हणून वापरू नयेत. त्यांत चिखल मजेशीर झालेला असतो. झोपडी कशी बांधली, कॉफी कशी भाजली अशा तपशिलांसाठी मात्र त्या चांगल्या आहेत.

ध्येयाविषयीची कुरकुर वेगळी तोला

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात आला, आणि फॅलमथच्या छावणीत त्यावर मोठा वाद झाला. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सद्गुणी लोकांना त्यांच्या या कार्याबद्दल अर्पण केली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत; त्यामुळे उत्तरेचा प्रत्येक सैनिक त्या भावनेने भारलेला असेल अशी आपली समजूत असते. जानेवारी १८६३ मधील पत्रे वाचताना या समजुतीला धक्का बसेल. ‘मी संघराज्यासाठी भरती झालो, काळ्यांसाठी नाही’ या अर्थाचे, आणि याहून फार ओंगळ भाषेतले मजकूर तेथे सापडतात. ते गाळू नयेत आणि सौम्यही करू नयेत. पण त्याच माणसांची १८६४ मधील पत्रेही वाचावीत. दक्षिणेत आत शिरल्यावर गुलामांची स्थिती प्रत्यक्ष पाहिलेल्या, आणि काळ्या पलटणींना लढताना पाहिलेल्या पुष्कळांचे मत बदललेले आढळते. नोव्हेंबर १८६४ च्या निवडणुकीत ज्यांची मते वेगळी मोजली गेली त्या सैनिकांपैकी जवळजवळ चारपंचमांश मते लिंकन यांना पडली. फुले यांची कृतज्ञता ज्या कार्याबद्दल होती, ते कार्य अशा हळूहळू बदललेल्या माणसांकडून घडले, आणि त्यामुळे ते मला अधिकच मोठे वाटते.

सुधारणा कशाने झाली ते तपासा

खचलेल्या मनाचे कारण बरोबर ओळखले की नाही, हे उपाय पाहून पडताळता येते. हूकर यांनी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हुकूम काढला की आठवड्यातून निदान चार वेळा मऊ पाव किंवा पीठ, दोनदा ताजे बटाटे किंवा कांदे, आणि एकदा सुकवलेल्या भाज्या मिळाल्याच पाहिजेत. रसद अधिकाऱ्याने त्या दिल्या नाहीत तर कोठारात त्या शिल्लकच नव्हत्या, असा तेथील अधिकाऱ्याचा लेखी दाखला त्याने आणावा. हुकमाचा हा उत्तरार्ध लक्षपूर्वक वाचावा. नवे अन्न कुठून आणले नाही. असलेले अन्न का पोचले नाही याचा जाब एका माणसावर निश्चित केला. छावणीत भट्ट्या उभ्या राहिल्या. वैद्यकीय संचालक जोनाथन लेटरमन यांच्या सूचनांवरून झोपड्या, चर आणि पाणी यांची शिस्त लागली. थकलेला पगार वाटला गेला. हजर असलेल्या शंभर शिपायांमागे दोघांना पाळीपाळीने रजा मिळू लागली, आणि आधीचे परतले नाहीत तर पुढच्यांची रजा अडत असल्यामुळे वेळेवर परतण्याची जबाबदारी सोबत्यांवर आली. मार्चमध्ये लिंकन यांनी १ एप्रिलपर्यंत परतणाऱ्या फरारींना माफी जाहीर केली. २१ मार्चला प्रत्येक कोअरला, म्हणजे सेनेच्या मोठ्या विभागाला, टोपीवर लावायचे चिन्ह मिळाले : कुणाला वर्तुळ, कुणाला तीन दलांचे पान, कुणाला चंद्रकोर, कुणाला तारा, आणि कोअरमधील डिव्हिजनप्रमाणे, म्हणजे उपविभागाप्रमाणे, लाल, पांढरा, निळा रंग. १७ मार्चला आयरिश ब्रिगेडने सेंट पॅट्रिकच्या दिवशी घोड्यांच्या शर्यती भरवल्या आणि एप्रिलच्या सुरुवातीला लिंकन स्वतः संचलन पाहायला आले.

आता आपली रंगीत खुणांची पत्रे पुन्हा काढावीत आणि मार्च-एप्रिलमधील पत्रांत कोणती वाक्ये आधी नाहीशी होतात ते पाहावे. माझ्या वाचनात पावाचा आणि रजेचा उल्लेख आधी येतो, सेनापतीवरचा विश्वास नंतर येतो. ध्येयाविषयीची मते मात्र तेवढ्या वेळात फारशी हललेली दिसत नाहीत.

याच पद्धतीची उलट बाजूने परीक्षा घ्यायची असेल तर १८६४-६५ च्या हिवाळ्यात व्हर्जिनियातील पीटर्सबर्गच्या खंदकांतील दक्षिणेचे सैन्य घ्यावे. दोन वर्षांपूर्वी उपाशी असूनही खंबीर असलेले तेच सैन्य आता रोज गळत होते. २४ फेब्रुवारी १८६५ रोजी ली यांनी नॉर्थ कॅरोलिनाचे गव्हर्नर व्हान्स यांना लिहिले की पलायन फार वाढले आहे आणि त्यामागे बऱ्याच अंशी घरून आप्तमित्र लिहीत असलेली पत्रे आहेत. म्हणून येथे सैनिकाने लिहिलेल्या पत्रांइतकीच त्याला आलेली पत्रे महत्त्वाची ठरतात. ती कमी उरली आहेत, कारण खंदकात कागद टिकत नाही. सापडतील तेवढी जपून वाचावीत. घरी धान्य नाही, पोरे आजारी आहेत, आणि पंधरा-वीस गुलाम बाळगणाऱ्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला १८६२ पासून कायद्याने लष्करातून सूट आहे, हे वाचणाऱ्या माणसाच्या मनात दोषाचे बोट नाकेबंदी करणाऱ्या शत्रूकडून स्वतःच्या सरकारकडे आणि मळेवाल्यांकडे वळले होते.

निष्कर्ष लिहिण्यापूर्वीची तपासणी

अखेरीस पत्रांतल्या मनाची तुलना त्या माणसांच्या पुढील कृतीशी करावी. मे १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिल येथे हूकरही हरले. तरीही सैन्य डिसेंबरसारखे मोडले नाही आणि दोन महिन्यांनी गेटिसबर्गला उभे राहून लढले. १८६४ च्या सुरुवातीला तीन वर्षांची मुदत संपत आलेल्या १,३०,००० हून अधिक अनुभवी सैनिकांनी इनाम आणि तीस दिवसांची रजा घेऊन पुन्हा नाव नोंदवले. त्यांत पैशाचा वाटा किती आणि निष्ठेचा किती, हे प्रत्येक पलटणीपुरते वेगळे तपासावे, कारण पुनर्नोंदणीचे प्रमाण पलटणीगणिक फार बदलते.

पटावरची संख्या कमी झालेली दिसली की त्या पलटणीच्या भरतीची मुदत आधी पाहावी. १८६१ मध्ये दोन वर्षांच्या बोलीवर उभ्या राहिलेल्या, मुख्यतः न्यूयॉर्कच्या पलटणी आणि १८६२ मधील नऊ महिन्यांच्या पलटणी मे १८६३ च्या आसपास कायदेशीरपणे घरी गेल्या. काही ठिकाणी मुदत नेमकी कोणत्या दिवसापासून मोजायची यावरून सरकार आणि सैनिक यांत कडाक्याचे वाद झाले, आणि त्या वादात शस्त्र उचलायला नकार देणाऱ्यांची नावे बंडखोर म्हणून नोंदली गेली. अशा नावापुढे भरतीची तारीख आणि शपथेची तारीख दोन्ही लिहाव्यात, आणि मगच ते नाव कोणत्या रकान्यात घालायचे ते ठरवावे.